ऐकणाऱ्याची भाकर : वऱ्हाडातील समुपदेशन व्यवसायाच्या वाटा

(प्रस्तावना)

दरवर्षी उन्हाळ्याच्या अखेरीस संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांतून मानसशास्त्रात एम.ए. आणि समाजकार्यात एम.एस.डब्ल्यू. झालेली मुले-मुली बाहेर पडतात. त्यांतल्या अनेकांना समुपदेशक व्हायचे असते. घरी हा बेत सांगितला की वडील बहुधा एकच विचारतात, "सारं खरं हाये, पन त्यानं भागते काय?" प्रश्न रास्त आहे. समुपदेशनाचे तंत्र, त्यातली नीती, समाजाला असलेली त्याची गरज यांवर मराठीत बरेच लेखन झाले. समुपदेशक महिनाअखेरीस घरभाडे कुठून देतो, हे मात्र क्वचितच कोणी लिहिले. सेवेच्या कामात पैशाचे बोलू नये, असा आपल्याकडचा जुना संकोच आहे. या पुस्तिकेने तो बाजूला ठेवला आहे. नुकतेच पदवीधर झालेले तरुण, शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका, रुग्णालयात काम करता करता पदविका मिळवलेल्या परिचारिका, असे सगळेच या विषयाकडे वळू शकतात, आणि सगळ्यांचे इथे स्वागत आहे.

आपल्या भागाचा वारसा वाचकांनी आधी ध्यानात घ्यावा. माणसाच्या मनाला हात घालून त्याला उभे करण्याचे काम वऱ्हाडाला नवे नाही. गाडगे बाबा कीर्तनात समोरच्यांना साधे-साधे प्रश्न विचारत आणि उत्तर त्यांच्याच तोंडून वदवून घेत. त्यांच्या दशसूत्रीत भुकेल्याला अन्न आणि तहानलेल्याला पाणी यांच्याच रांगेत दुःखी, निराश माणसाला हिंमत देणे येते. अमरावतीच्या तपोवनात डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी कुष्ठरुग्णांना औषधाबरोबर काम आणि प्रतिष्ठा दिली. दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. मनाचा आजार वाढला की माणसाला बुलढाणा जिल्ह्यातल्या सैलानीला न्यायचे, नाहीतर थेट नागपूरच्या मनोरुग्णालयात, असे इथल्या कितीतरी कुटुंबांनी पिढ्यान् पिढ्या केले. या दोन टोकांच्या मधली जागा रिकामी होती. समुपदेशकाचे काम त्या मधल्या जागेतले आहे.

ती जागा भरता येते, हे याच मातीत सिद्ध झाले आहे, आणि त्याची हकीकत थोडी सविस्तर सांगण्याजोगी आहे. शेतकरी आत्महत्यांमुळे पश्चिम विदर्भ देशभर चर्चेत असताना अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प राबवला गेला. डॉ. राहुल शिधये, डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचे निष्कर्ष 2017 मध्ये 'लॅन्सेट सायकिॲट्री' या नियतकालिकात मांडले. रचना साधी होती. गावपातळीवरचे कार्यकर्ते लोकांशी बोलत, त्रासलेल्यांना ओळखत. प्रशिक्षण घेतलेले समुपदेशक त्यांच्याशी ठरावीक बैठकी करत. औषधाची गरज असलेल्यांना मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवले जाई. नैराश्याने ग्रासलेल्यांपैकी मदतीपर्यंत पोहोचणाऱ्यांचे प्रमाण आधी 4.3 टक्के होते, ते नंतरच्या पाहणीत 27.2 टक्के झाले. आत्महत्येचे विचार मनात येणाऱ्यांचे प्रमाण 5.2 वरून 2.5 टक्क्यांवर आले. अमरावतीच्या खेड्यांतला हा अनुभव जगभरच्या अभ्यासकांनी वाचला याचा आपल्याला अभिमान वाटावा, आणि तुम्ही या क्षेत्रात येत असाल तर तो निबंध मुळातून वाचावा. त्यातली एक गोष्ट माझ्या मते सर्वांत मोलाची आहे. बैठकी घेणाऱ्या समुपदेशकांचे पदव्यांवाचून अडले नाही. नेमके प्रशिक्षण आणि वरून सतत देखरेख यांवर त्यांचे काम उभे राहिले.

2015 मध्ये राज्य शासनाने 'प्रेरणा प्रकल्प' सुरू केला. मराठवाडा आणि विदर्भातल्या चौदा जिल्ह्यांत, त्यात अमरावती आणि अकोलाही आले, आशा सेविकांनी घरोघर जाऊन प्रश्नावली भरायची, तणावाखाली असलेला शेतकरी हेरायचा, पुढे समुपदेशन आणि उपचार, आणि 104 या क्रमांकावर दूरध्वनी, अशी त्याची आखणी. म्हणजे गरज मान्य झाली, कामाचा परिणामही दिसला. पण प्रकल्पाला मुदत असते आणि योजनेला दरवर्षी नव्या मंजुरीची वाट पाहावी लागते. तीत काम करणाऱ्या माणसाची चूल त्या मुदतीवर अवलंबून राहते.

म्हणून या पुस्तिकेचे सांगणे एवढेच आहे की वऱ्हाडात समुपदेशकाने एकाच उत्पन्नावर विसंबू नये. आपला कोरडवाहू शेतकरी कपाशीच्या ओळींमध्ये तुरीचे तास टाकतो. पावसाने एकाला दगा दिला तर दुसरे हाताशी राहते. समुपदेशकाची मिळकतही अशीच मिश्र असावी. यात कमीपणा नाही. पुण्या-मुंबईत दवाखान्याची पाटी लावून बसले की लोक येतात. अकोटच्या किंवा मोर्शीच्या माणसाला ती पाटी वाचूनच अवघडल्यासारखे होते. तो शाळेच्या पालकसभेत येतो, मुलीच्या लग्नाआधीच्या मेळाव्यात येतो, दारू सोडवायची म्हणून भावाला घेऊन येतो. ज्याला आपण 'जोड-उत्पन्न' म्हणतो त्याच वाटांनी खरा गरजू आपल्यापर्यंत पोहोचतो.

आता नोकऱ्यांकडे वळू. बऱ्याच पदवीधरांना या जागा माहीतच नसतात. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ आणि मनोविकार सामाजिक कार्यकर्ते लागतात. एचआयव्हीसाठीची समुपदेशन व चाचणी केंद्रे, किशोरवयीनांची 'मैत्री' क्लिनिक, व्यसनमुक्ती केंद्रे यांत समुपदेशकाची पदे असतात. अमरावतीचे इर्विन आणि डफरिन, अकोल्याचे सर्वोपचार आणि जिल्हा स्त्री रुग्णालय या चार ठिकाणी एकदा फिरून आलात तरी किती प्रकारचे समुपदेशन चालते याचा अंदाज येईल. न्यायाच्या क्षेत्रात 1984 च्या कौटुंबिक न्यायालय कायद्याने समुपदेशकाला न्यायालयातच स्थान दिले. विवाह समुपदेशकाच्या जाहिरातीत बहुधा एम.एस.डब्ल्यू. आणि अनुभव मागतात. त्याच वर्षी टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात महिला व बालकांसाठी विशेष कक्ष सुरू केला. पुढे तो नमुना राज्याने स्वीकारून जिल्ह्याजिल्ह्यांत नेला, आणि आज 'सखी' वन स्टॉप सेंटर व पोलिसांचा भरोसा सेल त्याच्या जोडीला आहेत. ऑक्टोबर 2022 पासून सुरू झालेल्या 'टेलि-मानस' या 14416 क्रमांकाच्या सेवेतही समुपदेशक लागतात.

यातल्या बहुतेक जागा कंत्राटी आहेत. आरोग्य अभियानातला अकरा महिन्यांचा आदेश, मग एक दिवसाचा खंड, मग पुन्हा आदेश, ही रीत सर्वांना ठाऊक आहे. ती अन्यायाची आहे असे माझे मत. तरीही पहिली दोन-तीन वर्षे अशा ठिकाणी काढावीत असाच सल्ला मी देईन. एका दिवसात इतक्या तऱ्हेची माणसे भेटण्याची सोय दुसरीकडे कुठेच नाही.

पात्रतेबद्दल मात्र ढिलाई नको. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ ही पदवी लावायची असेल तर 1992 च्या कायद्याने स्थापन झालेल्या भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी हवी, साधे एम.ए. त्याला पुरत नाही. 2021 च्या संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाच्या कायद्याने वर्तनविषयक आरोग्याच्या गटात समुपदेशकांचाही समावेश केला. म्हणजे आजवर कोणीही पाटी लावावी अशी जी मोकळीक होती, ती हळूहळू संपत जाणार. वाचकांनी आपली प्रमाणपत्रे, प्रत्यक्ष कामाचे तास आणि देखरेख करणाऱ्या ज्येष्ठांचा लेखी दाखला आजपासून नीट जपावा. 2017 चा मानसिक आरोग्यसेवा कायदाही निदान एकदा पूर्ण वाचावा. रुग्णाच्या माहितीची गुप्तता हा त्यात रुग्णाचा हक्क आहे, आणि आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याकडे तीव्र तणावाखालची व्यक्ती म्हणून पाहा, असे तो सांगतो. घाबरून पोलिसांना सामोरे जाणाऱ्या कुटुंबाला हे वाक्य सांगता येणे हीसुद्धा समुपदेशकाची कामगिरी आहे.

शाळा आणि शिकवणी वर्ग हे आपल्या भागातले सर्वांत मोठे आणि सर्वांत कमी ओळखलेले क्षेत्र. अकोला आज पश्चिम विदर्भातले शिकवण्यांचे शहर आहे. वाशीम, बुलढाणा, यवतमाळकडची सोळा-सतरा वर्षांची मुले नीट आणि जेईईसाठी जठारपेठ, तोष्णीवाल लेआउट अशा भागांत खोली घेऊन राहतात, मेसचे जेवतात आणि दर रविवारच्या चाचणीतल्या गुणांवर आपली किंमत ठरवतात. अमरावतीत हेच चित्र स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकांत दिसते. तिथली मुले वयाने मोठी असतात आणि त्यांच्यावर घरच्यांच्या अपेक्षेबरोबर वाढत्या वयाचेही ओझे असते. जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याविषयी मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत निदान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता असावा. लहान संस्थांनी बाहेरच्या व्यावसायिकांशी रीतसर जोडून घ्यावे. शिकवणी वर्गही त्या सूचनांच्या कक्षेत येतात.

अशा सूचना कागदावरून वर्गापर्यंत आपोआप पोहोचत नाहीत. संस्थाचालकाकडे जाऊन त्या त्याच्यापुढे ठेवणारा माणूस लागतो, आणि तो तुम्ही असू शकता. मध्यम शाळेला पूर्णवेळ समुपदेशक परवडत नाही. पण चार शाळांनी मिळून आठवड्याला एकेक दिवस वाटून घेतला तर शाळांनाही झेपते आणि समुपदेशकालाही महिन्याचे निश्चित मानधन मिळते. करार वर्षाचा करावा. त्यात स्वतंत्र खोली, मुलांच्या नोंदी कोणाकडे राहतील, मुख्याध्यापकांना काय सांगितले जाईल आणि काय नाही, हे लिहून घ्यावे. मानधनाचा आकडा शेवटी यावा. खोलीची अट सोडून आकड्यावर भांडणारे पुष्कळ पाहिले. स्टाफरूमच्या कोपऱ्यात बसून कोणतेही मूल मनातले बोलत नाही.

याला लागूनच करिअर मार्गदर्शन येते. दहावीच्या विद्यार्थ्यांची कल चाचणी शासनाने 2016 मध्ये राज्यभर सुरू केली, आणि 'कल' हा शब्द गावोगावच्या पालकांच्या ओठी बसला. चाचणी पुढे थांबली, पण पालकांची भूक राहिली. तिचा फायदा घेऊन काही ठिकाणी बोटांच्या ठशांवरून बुद्धिमत्ता सांगण्याचे पॅकेज विकले जाते. त्याला शास्त्राचा काडीचा आधार नाही. वाचकांनी या फंदात कितीही कमिशन मिळाले तरी पडू नये. अभिक्षमता आणि अभिरुचीच्या प्रमाणित चाचण्या शिकून घ्याव्यात, त्या घेण्याचा अधिकार आपल्याला आहे का ते पाहावे, आणि अहवालापेक्षा पालक व मूल दोघांना समोर बसवून केलेल्या तासाभराच्या बोलण्याला महत्त्व द्यावे. कृषी विद्यापीठ दाराशी असताना अकोल्यातला मुलगा शेतीचे शिक्षण म्हणजे हार मानतो, हे दुरुस्त करायला अहवालाचा आलेख पुरत नाही.

पैशाचे वेळापत्रक हा मुद्दा मी मुद्दाम लांबवून सांगणार आहे, कारण तो शहरी पुस्तकांत सापडत नाही. वऱ्हाडातल्या कुटुंबाच्या हाती पैसा सोयाबीन आणि कापूस विकल्यावर येतो, म्हणजे दिवाळीच्या आगेमागे आणि संक्रांतीपर्यंत. शुल्क देऊन सलग बैठकी करणारी ग्रामीण कुटुंबे या काळात जास्त येतील. फेब्रुवारी-मार्चात बोर्डाच्या परीक्षा, मेमध्ये नीट, मग निकाल. हा काळ विद्यार्थ्यांचा आणि सर्वाधिक धावपळीचा. जूनमध्ये शाळांचे करार. जुलै-ऑगस्टमध्ये पावसाने खंड दिला, पीककर्ज अडले, की गरज सर्वांत मोठी असते आणि लोकांकडे द्यायला सर्वांत कमी असते. या दोन महिन्यांत शासकीय किंवा संस्थेच्या मानधनावरचे काम हाती असेल, तर पैसे नसलेल्या माणसाला परत पाठवावे लागत नाही. वर्षाची आखणी अशा हिशेबाने केली तर सवलतीच्या बैठकींचा खर्च आधीच धरलेला असतो, आणि दया दाखवल्याचा आव आणावा लागत नाही.

बाकी वाटा थोडक्यात. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यानुसार अंतर्गत समितीत एक बाहेरचा सदस्य लागतो. नियमांत त्याचा भत्ता दिवसाला दोनशे रुपये असल्याने ते उत्पन्न म्हणून धरू नये. मात्र त्याच विषयावरची कर्मचारी प्रशिक्षणे बँका, औद्योगिक वसाहती आणि महाविद्यालये मानधन देऊन घेतात. पोक्सो कायद्याखाली पीडित मुलासोबत राहणाऱ्या साहाय्यक व्यक्तीचे काम आहे. ते नाजूक आहे, प्रशिक्षणाशिवाय घेऊ नये. समाजासमाजांच्या वधू-वर परिचय मेळाव्यांत विवाहपूर्व संवादाचे सत्र घेता येते, आणि पत्रिका जुळवणाऱ्यांच्या शेजारच्या टेबलावर बसण्यात मला तरी काही गैर वाटत नाही. हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या अमरावतीत क्रीडा मानसशास्त्राला वाव नाही असे कोण म्हणेल? 'देशोन्नती'सारख्या अकोल्यातून निघणाऱ्या दैनिकात सदर, आकाशवाणीच्या अकोला केंद्रावर भाषण, यांतून मानधन थोडे, ओळख मोठी. व्यसनमुक्तीत 1986 पासून पुण्यात चालणाऱ्या मुक्तांगणने स्वतः व्यसनातून बाहेर आलेल्या माणसांना समुपदेशक केले. खर्रा आणि दारू या दोहोंनी पोखरलेल्या आपल्या तालुक्यांना तो धडा हवा आहे.

आणखी एक वाट गेल्या काही वर्षांत उघडली आहे. वऱ्हाडातली मुले पुण्यात, बंगळुरूत, परदेशात नोकरीला आहेत. त्यांना ऑनलाइन बोलायला त्यांच्या शहरात कितीतरी समुपदेशक मिळतात, पण "बाबा बोलत नाहीत, नुसते वावरात जाऊन बसतात" या वाक्याचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही असा माणूस त्यांना हवा असतो. अशा बैठकी रात्री उशिरा कराव्या लागतात, शुल्क शहरी दराचे मिळते, आणि त्यावर मेळघाटातल्या धारणीला महिन्यातून एक विनामूल्य दिवस देता येतो. तिथे जाणार असाल तर कोरकू जाणणारा सहकारी बरोबर हवाच.

शुल्क मागताना जीभ अडखळते, ही तक्रार जवळपास प्रत्येक नवा समुपदेशक करतो. मामाच्या ओळखीचा, वहिनीच्या माहेरचा, शाळेतला मित्र, सगळे "जरा पाच मिनिटं बोल न त्याच्याशी" म्हणून पाठवतात. जवळच्या नात्यातल्या माणसाचे समुपदेशन आपण करू नये. त्याला दुसऱ्या सहकाऱ्याकडे पाठवावे. इतरांसाठी दर, वेळ आणि बैठक रद्द करण्याचा नियम पहिल्याच भेटीत कागदावर द्यावा. व्यवसायाचे बँक खाते वेगळे ठेवावे, वर्षाला अडीच हजार रुपयांचा व्यवसाय कर भरावा, पावती द्यावी. पावती देणाऱ्याला लोक व्यावसायिक मानतात.

छोट्या शहराची एक अडचण पुस्तकात येत नाही. सकाळी ज्याच्याशी बैठक झाली तो संध्याकाळी राजकमल चौकात सहकुटुंब समोर येतो. त्याने ओळख दाखवली तरच आपण दाखवायची, हे आधीच सांगून ठेवावे. खोलीचा जिना रस्त्यावरून थेट दिसणारा नसावा, दोन भेटींमध्ये पंधरा मिनिटांचे अंतर असावे. आणि ज्या समुपदेशकाकडे इतकी माणसे येतात, त्याने स्वतः महिन्यातून एकदा तरी ज्येष्ठ सहकाऱ्यापुढे बसावे. त्याचे शुल्क द्यावे लागले तर ते खर्चाच्या पहिल्या रकान्यात लिहावे.

ही पुस्तिका सलग वाचण्याची गरज नाही. पहिले प्रकरण नोकरीच्या जाहिराती आणि कंत्राटी आदेश कसे वाचावेत यावर आहे. ज्यांना नोकरी करायचीच नाही त्यांनी सरळ शाळांच्या प्रकरणाकडे जावे. तिथे कराराचा मराठी नमुना दिला आहे, त्यात आपल्या सोयीने खाडाखोड करायला हरकत नाही. जे अजून शिकत आहेत त्यांनी मात्र दुसऱ्या प्रकरणापासून सुरुवात करावी आणि पुढचे सत्र सुरू होण्याआधी जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार बाह्यरुग्ण विभागात, तिथल्या प्रमुखांची परवानगी घेऊन, काही सकाळी नुसत्या बसून काढाव्यात.